एम३ए१ स्काउट कार : पांढुरकी झाक आणि आतला रंग

एम३ए१ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्करी गाडी; इथं तिच्या प्लॅस्टिक मॉडेलबद्दल. नाशिकच्या पावसाळ्यात तिच्या ऑलिव्ह ड्रॅबवर (लष्करी हिरवट-तपकिरी रंगावर) आलेली पांढुरकी झाक रंगाचा दोष नव्हे. लॅकर थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. रिटार्डर (वाळणं लांबवणारा घटक) असलेला लेव्हलिंग थिनर वापरा, एअरब्रशनं १५ पीएसआय दाबाच्या आसपास पातळ हात द्या. एअरब्रशच्या नळीत मॉइश्चर ट्रॅप हवाच. काँप्रेसरमधलं पाणी तिथंच अडतं. झाक आलीच, तर कोरड्या दिवशी नुसता लेव्हलिंग थिनर हलकासा फवारा, बहुतेक वेळा ती विरते. आधी खरवडायला घेऊ नका.

आतून पांढरा द्यायचा का? मुळीच नको! गाडी वरून उघडी, पांढरा लांबून दिसेल. आतही ऑलिव्ह ड्रॅबच. म्हणून सीट, रेडिओ, मागची बाकडी रंगवून, वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) देऊन मगच १/३५ मापाच्या मॉडेलच्या बाजूच्या भिंती चिकटवा. नंतर ब्रश कोपऱ्यात पोचत नाही. चिकटवायच्या कडांवर मास्किंग टेप ठेवा, रंगावर सिमेंट (प्लॅस्टिकचा गोंद) धरत नाही.

डीकॅल (पाण्यात भिजवून लावायची चिन्हांची चिकटचित्रं) मॅट रंगावर लावलं की खाली हवा अडकून चंदेरी दिसतं; आधी ग्लॉस कोट (चकचकीत वार्निश), मॅट वार्निश शेवटी.