वालाच्या परातीभोवतीचा शनिवार

कोपरीची लेक: गुरुवारी रात्री बिरड्यासाठी कडवे वाल भिजत घातले, शुक्रवारी सकाळी उपसून पंच्यात बांधले आणि आज दुपारी ते कोमट पाण्यात टाकून सोलायला बसले, तेव्हा त्या उग्र वासाने मला थेट आजीच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवले. आमच्याकडे वाल एकटीने सोलण्याची पद्धतच नव्हती. परातीभोवती चौघी बसत, आणि चिमटीतून निसटलेली डाळिंबी कोणाच्या तरी मांडीवर उडाली की हशा पिके. आपल्याही सुट्टीतल्या अशा निवांत खटाटोपाचे अनुभव अवश्य लिहावेत.

पाचपाखाडीकर: ताई, आपण आमसूल घालता की चिंच, हे लिहायचे राहिले. आमच्याकडे कांदा-लसूण वर्ज्य. गोडा मसाला, गूळ, आमसूल आणि वरून ओले खोबरे. सोलण्याचे काम सौभाग्यवतींकडे असल्याने नारळ आणण्यास मला ठाण्याच्या जांभळी नाक्यावर पिटाळले जाते. नारळ पाच मिनिटांत मिळतो. परंतु कोपिनेश्वराचे दर्शन आणि तलावपाळीची एक फेरी झाल्याखेरीज मी परतत नाही, आणि घरी ‘नारळाला बाजारात फार गर्दी होती’ असे सांगतो.

नेरुळची सीकेपी: कांदा आणि नारळाचे दूध नसेल तर ती उसळ झाली, बिरडे नव्हे, असा निकाल सासूबाईंनी वरील प्रतिसाद ऐकून दिला आहे. मागच्या रविवारी संध्याकाळी पाम बीच रस्त्याकडे फिरायला जाण्याच्या घाईत मी बिरडे कढईऐवजी कुकरमध्ये लावले आणि दोन तास सोललेल्या डाळिंब्यांचे पिठले झाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्यांदा वाढूनही घेतले नाही.

घोडबंदरचा एकटा: सोललेले वाल पिशवीत विकत मिळतात, हे येथे लिहिल्यास मार बसेल काय? माझा रविवार तहसील कचेरीजवळच्या मामलेदार मिसळीने सुरू होतो आणि ते तिखट निस्तरण्यासाठी दुपारी घरी ताकभातावर संपतो.

कोपरीची लेक: @पाचपाखाडीकर, आमसूलच. @घोडबंदरचा एकटा, मार नाही, शिक्षा आहे: अर्धी परात अजून शिल्लक आहे, तेव्हा सोलायला या. चिरंजीव गडकरी रंगायतनचे दुपारचे नाटक आटोपून येतीलच. त्यांनाही बसवणार आहे.