'अस्तु' पाहिलाय? मग तुमच्या घरातलं लिहा

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा सिनेमा २०१३चा, थिएटरला लागला २०१६ला. कधी आला नि कधी गेला, पुण्यातही फारसं कुणाला कळलं नाही. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतपंडित चक्रपाणी शास्त्री (डॉ. मोहन आगाशे) मुलीच्या गाडीतून उतरून हत्तीमागे निघून जातात. परीक्षण नको, तुमचं काय ते सांगा. सुरुवात मी करते.

माझे सासरे संध्याकाळ झाली की चपला घालून दारात उभे. "घरी जायचंय." घर म्हणजे शनिवार पेठेतला वाडा, तो कधीच पडला, तिथे आता इमारत आहे. "अहो बाबा, हेच आपलं घर," म्हटलं की म्हणायचे, "छे! आपल्याकडे लिफ्ट कुठाय?" यावर काय बोलणार!

धायरीहून
आईची देखभाल करायला ब्यूरोकडून लातूरकडच्या एक मावशी ठेवल्या होत्या. मी आंघोळीला चल म्हटलं की आईच्या कपाळावर आठ्या. मावशी दटावून न्यायच्या आणि ही निमूट जायची. पुढेपुढे त्यांनाच "आई" म्हणायला लागली. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? सिनेमात शास्त्रीबुवा माहुताच्या बायकोला, चन्नम्माला आई मानतात, तेव्हा पोटात कालवलं. अमृता सुभाषला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो रास्तच.

नारायण पेठ
मला लांबला. पण हत्तीचं पटलं. लहानपणी पेठेत हत्ती यायचा, माहूत दारोदार पैसे, नारळ मागायचा आणि आम्ही पोरं त्याच्यामागे पार लकडी पुलापर्यंत. घरी मार ठरलेला. तेव्हा आम्हाला कुणी वेडं म्हटलं नाही.

कर्वेनगर
वडिलांना गाडीत ठेवून गेली म्हणून मुलीला नावं ठेवणाऱ्यांनी आधी एक आठवडा घरात असा माणूस सांभाळून बघावा. मग बोलू.

एरंडवणे
ह्यांच्या सगळ्या शर्टांच्या आत आमचा फोन नंबर शिवलाय. कमला नेहरू उद्यानाजवळच्या चहावाल्याकडेही तो आहे. हे एकटे दिसले की तो आधी बाकावर बसवतो, हातात चहा देतो, मग मला फोन. हिशोब महिनाअखेरीस. साखर घालू नकोस म्हणून बजावलंय, पण "काकांना फिका चालत नाही," म्हणतो.