खार्तूममधले सोबती : लहानपणी युद्ध पाहिलेल्यांसाठी अनुभव धागा

15 एप्रिल 2023, शनिवार. त्या सकाळी खार्तूममध्ये सुदानचं सैन्य आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस (आरएसएफ) ही निमलष्करी फौज एकमेकांवर तुटून पडली. सैन्याचे प्रमुख बुरहान आणि आरएसएफचे हेमेदती यांनी 2021 मध्ये मिळून सत्ता ताब्यात घेतली होती. आरएसएफ सैन्यात कधी विलीन करायची आणि हुकूम कुणाचा चालणार, यावरून त्यांचं फाटलं. लढाई पेटली ती भर राजधानीत, वस्त्यांमधून.

आपल्याकडे बातम्या आल्या त्या भारतीयांना परत आणणाऱ्या ऑपरेशन कावेरीच्या. 3,862 माणसं बाहेर काढली, मेच्या पहिल्या आठवड्यात मोहीम संपली आणि बातम्याही संपल्या. तिथे वाढलेली आपली मुलं मात्र अजून मध्यरात्री फोन उघडून बघतात, कारण त्यांचे सोबती तिथेच राहिले. माझी भाची त्यांतलीच. म्हणून हा धागा. तुम्ही तिथे कसे जगलात आणि कुणाच्या आधाराने, ते लिहा. हातून घडेल तसं लिहा, लांबलं तरी चालेल. फक्त तिथे अजून असलेल्यांची नावं आणि गल्ल्या लिहू नका.

खार्तूममध्ये नववीत होते, आता पुण्यात

मावशीने लिही म्हटलं म्हणून लिहितेय.

आम्ही अमारातमध्ये राहायचो. खार्तूमचा विमानतळ गावाबाहेर नाही, शहराच्या पोटात आहे, आणि अमारात त्याला लागूनच. लढाई पहिल्या तासापासून तिथेच होती. वरच्या मजल्यावर माझी मैत्रीण, आम्ही पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. त्यांच्याकडे गच्चीवरची भरलेली टाकी होती आणि आमच्याकडे एकही खिडकी नसलेली मधली खोली. त्यामुळे पहिल्याच दुपारी त्यांचं अख्खं घर गाद्या घेऊन खाली आलं.

वीज गेली. नदीपलीकडच्या बहरीचं जलशुद्धीकरण केंद्र लढाईत बंद पडल्यावर नळही गेले. बाहेर चाळिशीपार ऊन. टाकी उतरायला लागली तशी तिच्या आजीने वझूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, पाणी घेणं थांबवलं. कुंडीतल्या कोरड्या मातीवर हात टेकवून तयम्मुम करायची आणि नमाजाला उभी राहायची. रमजानचे शेवटचे दिवस होते. इफ्तारला हिलू मुर हे रमजानचं सुदानी सरबत असायचं, आणि आईने केलेली खिचडीही. आजी ती खिचडी रोज मागून घ्यायची. तिला आवडायची की आईला बरं वाटावं म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आम्हा दोघींकडे काम होतं गाडीच्या बॅटरीवर सगळ्यांचे फोन चार्ज करायचं. उरलेला वेळ फरशीवर पालथं पडून बीजगणित. परीक्षा होणारच, अशी तिची खात्री होती.

पाणी आणायला बाबा आणि तिचा सतरा वर्षांचा भाऊ जायचे. चेकपोस्टवर बोलायचं काम त्याचं, कारण बाबांचं अरबी कामापुरतं. एकदा बाबांना गुडघ्यांवर बसवलं, खिसे रिकामे करायला लावले. तो मुलगा न सांगता शेजारी गुडघ्यांवर बसला आणि ‘हे माझे काका आहेत’ म्हणून शांतपणे बोलत राहिला. बाबा घरी येऊन हे सांगताना प्रथमच रडले.

मग पोर्ट सुदानला जाणाऱ्या बसची व्यवस्था झाली. जागा भारतीय पासपोर्टवाल्यांना. ‘आम्हालाही न्या’ असं त्यांच्यातलं कुणीही म्हणालं नाही. बाबांनीच यादी करणाऱ्या माणसाला विचारलं, उत्तर माहीत असूनही. आईने डाळ, तांदूळ, तिखट, सगळं वरच्या काकूंच्या हवाली केलं. आठशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता, पुढे नौदलाचं जहाज, जेद्दा, मुंबई.

ते लोक नंतर इजिप्तच्या दिशेने निघाले. बायका, मुलं, म्हातारी माणसं यांना तेव्हा व्हिसा लागत नव्हता; 16 ते 50 वयाच्या पुरुषांना लागायचा. भाऊ सतरा वर्षांचा! त्याला सोडून काकू सीमा ओलांडेनात. सीमेजवळच्या वादी हल्फाला एका शाळेत हजारोंच्या गर्दीत ते पडून राहिले. जूनमध्ये इजिप्तने सगळ्यांनाच व्हिसा सक्तीचा केला आणि बाकीचेही अडकले. आजी तिथेच गेली.

माहेर नंदुरबार, सासर ओम्दुरमान

खार्तूमसमोर नाईलपलीकडे असलेल्या ओम्दुरमानमध्ये सौराष्ट्रातून गेलेली गुजराती कुटुंबं चार-चार पिढ्या राहत होती, हे इथे फारसं कुणाला माहीत नसतं. मी लग्न होऊन तिथे गेले. माझा मुलगा तिथेच जन्मला, पोरांशी सुदानी अरबीत भांडायचा आणि घरात गुजराती-मराठीची खिचडी बोलायचा. युद्ध सुरू झालं तेव्हा तो अकरा वर्षांचा.

सुदानमध्ये गल्लीतल्या फुटबॉलला दाफूरी म्हणतात. आमच्या दारापुढच्या मातीत रोज संध्याकाळी दाफूरी असायची. गोळीबार सुरू झाल्यावर मला वाटलं, हे आता बंद. पण पोरांनी आवाज शिकून घेतले. विमानविरोधी तोफ कोणती, दुरून सुटलेला गोळा कोणता, आपल्याकडे येणारा कोणता. गोलकीपर भिंतीपाशी उभा राहायचा, तो हात वर करायचा आणि सगळे एका दमात आमच्या ओसरीत. ओसरीत शिरल्यावर आधी मुलं मोजायची, हा त्यांनीच केलेला नियम. मोठ्यांपैकी कुणी सांगितला नव्हता.

एकदा मोजणीत एक कमी आला. पलीकडच्या घरातला, सगळ्यांत लहान. पोरं त्याला हाका मारत राहिली आणि तो दुसऱ्याच दाराने आत शिरून आमच्या स्वयंपाकघरात पाणी पीत उभा होता. त्या दिवशी मला त्या पोरांचे चेहरे दिसले ते काही मुलांचे चेहरे नव्हते.

आम्ही निघालो तेव्हा मुलगा बसमध्ये चढेना. त्याचं म्हणणं, मी गेलो तर मोजणी चुकेल. नवऱ्याने उचलून आत बसवलं.

जुन्या ओम्दुरमानचा मोठा भाग पुढे आरएसएफकडे होता. मार्च 2024 मध्ये सैन्याने रेडिओ-टीव्हीची इमारत परत घेतली, तोवर बाजार बराचसा जळून गेला होता. आमचं दुकानही त्यात गेलं. त्या पोरांतल्या चौघांचा ठावठिकाणा कळलाय. बाकीच्यांचा शोध मुलगा फेसबुकवर आडनावांवरून घेतो; आता तो तेरा वर्षांचा झालाय आणि त्याचं अरबी लिहिणं माझ्यापेक्षा चांगलं आहे.

निवृत्त अभियंता, सांगली

मी ऐंशीच्या दशकात खार्तूममध्ये एका प्रकल्पावर होतो. वरचे अनुभव वाचताना एक गोष्ट नोंदवावीशी वाटली. 2023 मध्ये युद्ध राजधानीत आलं खरं, पण राजधानीतल्या काही मुलांना ते आधीच ठाऊक होतं. दक्षिणेतलं दुसरं यादवी युद्ध 1983 ते 2005 चाललं आणि तिथून विस्थापित झालेली लाखो माणसं खार्तूमच्या कडेने मातीच्या घरांत राहत होती. माझ्या मुलाचा तिथला पहिला मित्र अशाच वस्तीतला. फटाक्यांच्या आवाजाला तो टेबलाखाली जायचा आणि माझा मुलगा हसत नसे, त्याच्याबरोबर टेबलाखाली जाऊन बसायचा. 2011 मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला तेव्हा त्या मित्राने तिथली राजधानी जुबाहून आम्हाला पत्र लिहिलं होतं.

आणखी एक. खडकवासल्याला एनडीएची जी मुख्य इमारत आहे, तिचं नाव सुदान ब्लॉक. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने एक लाख पौंड दिले होते; फाळणीनंतर त्यातला भारताचा वाटा एनडीएच्या बांधकामाला लागला. पुणेकरांनी हे मुलांना सांगावं.

कोंढवा, पुणे

माझा रूम पार्टनर सुदानी आहे. तो सांगतोय आणि मी लिहितोय. त्याला मराठी समजतं, लिहिता येत नाही.

तो मूळचा बहरीचा. ते तिघे मित्र, निळ्या नाईलमध्ये एकत्र पोहायला शिकलेले. 2019 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशीर यांच्याविरोधातल्या आंदोलनात सैन्याच्या मुख्यालयासमोर ठिय्या होता, तिथेही तिघे एकत्र होते, शाळा बुडवून. युद्धाच्या थोडं आधी हा शिकायला पुण्याला आला.

दुसरा मागे राहिला आणि वस्तीतल्या सामुदायिक स्वयंपाकघरात लागला. त्या आंदोलनात गल्लोगल्ली ज्या समित्या काम करत होत्या, त्यांच्यातूनच ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ उभ्या राहिल्या. बाहेरची मदत पोचत नव्हती तेव्हा लोकांना जेवू घातलं ते या पोरांनी. मोठ्या पातेल्यात फूल (बाकल्याच्या दाण्यांची उसळ), नाहीतर मसूर, दिवसाला एकदा. पैसे परदेशातले सुदानी पाठवायचे, बँकेच्या बंकक नावाच्या अ‍ॅपवर. पुण्यातल्या सुदानी मुलांनीही वर्गणी काढली. यात आमच्या मेसच्या काकूंनी न मागता भर घातली. फेब्रुवारी 2024 मध्ये देशभर नेटवर्क बंद पडलं, मग अ‍ॅपही बंद आणि चुलीही. स्टारलिंकची एखादी डिश असलेल्या दुकानापर्यंत चालत जाऊन तो पैसे आले का बघायचा.

तिसऱ्याने बंदूक घेतली. त्याचा मोठा भाऊ घराच्या दारात मारला गेला आणि तो सैन्याकडे स्वयंसेवक म्हणून गेला. स्वयंपाकघरवाल्याला ते पटलं नाही. दोघांचं बोलणं तुटलं. पण आठवडाभर एकाचा पत्ता लागला नाही की दुसरा पुण्याला मेसेज करतो, ‘तुझ्याशी बोलला का?’ हा दोघांना उत्तर देतो. मी पाहिलंय, परीक्षेच्या आदल्या रात्रीही देतो.

त्याला मी विचारलं, या दोघांतला बरोबर कोण? तो म्हणाला, हा प्रश्न तिथे राहिलेल्यांनी विचारावा.

जेद्दा

पोर्ट सुदानहून येणाऱ्या भारतीयांची तात्पुरती सोय इथल्या भारतीय शाळेत केली होती. मी तिथे जेवण वाढायला होते. मुलं ताटाआधी वायफायचा पासवर्ड मागत आणि लगेच व्हॉइस मेसेज पाठवत, अरबीत, एकामागून एक. एका दोनवेण्यांच्या मुलीने मला विचारलं होतं, ‘एक टिक म्हणजे तिचा फोन बंद आहे, की ती…?’ मी म्हटलं, फोन बंद. दुसरं काय म्हणणार? ती मुलगी हे वाचत असेल तर तिच्या मैत्रिणीचं कळलं का, ते जरूर लिहावं.

खार्तूममध्ये नववीत होते, आता पुण्यात

जेद्दाच्या काकू, ती मी नव्हते, पण मीही तेच विचारत होते.

माझी मैत्रीण शेवटी कैरोला पोचली, भाऊसुद्धा. 2023 मध्ये व्हायची होती ती सुदानची शालान्त परीक्षा डिसेंबर 2024 मध्ये झाली. कैरोतही केंद्रं होती. पुढच्या परीक्षेला तीही बसली आणि पास झाली. मार्च 2025 मध्ये सैन्याने राजवाडा आणि विमानतळ परत घेतल्यावर तिचे बाबा घर बघायला गेले. तांब्यासाठी भिंतीतल्या वायरीसुद्धा ओढून नेल्या होत्या. आमच्या घराचंही तेच.

तिला पुण्यात बीएस्सीला यायचंय. शाळेचे जुने दाखले जळलेत, हातात फक्त परीक्षेचं प्रमाणपत्र आहे. तेवढ्यावर प्रवेश होतो का? कुणी केलं असेल तर सांगा.

कोंढवा, पुणे

होतं. पार्टनर म्हणतो, आधी समकक्षता प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा; त्याच्या वेळी तो असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडे करावा लागायचा. प्रमाणपत्र अरबीत असेल तर अधिकृत भाषांतर जोडायचं. त्याने स्वतःची फाइल ठेवलीय, ती देईल. तिच्या भावालाही विचार. आमच्या खोलीत एक कॉट रिकामी आहे.