मदत हवी आहे: फोक्टलेंडर बेसा २ कॅमेऱ्याचा भाता बदलावा का?

नमस्कार मंडळी. काकांचा फोक्टलेंडर बेसा २ आता माझ्याकडे आला आहे. १९५० च्या दशकातला, १२० रोल फिल्मवर ६×९ सेंमीची फ्रेम देणारा घडीचा रेंजफाइंडर (अंतर जुळवून फोकस करायचा) कॅमेरा. याची किंमत मुख्यतः लेन्सवर ठरते: कलर-स्कोपार त्यातली स्वस्त, कलर-हेलियार तिच्या वर आणि लाल-हिरव्या-निळ्या कड्याची अपो-लँथार तर संग्राहकांचं स्वप्नच. काकांच्या कॅमेऱ्यावर कलर-हेलियार आहे. काच स्वच्छ, पण शटरचे कमी वेग अडखळतात आणि भात्याच्या (लेन्सला कॅमेऱ्याशी जोडणाऱ्या, प्रकाश आत न येऊ देणाऱ्या घडीदार भागाच्या) कोपऱ्यांत बारीक छिद्रं पडली आहेत. नवा भाता बसवला तर संग्राहकाच्या लेखी मोल घटतं का? की मूळ भात्यासकट विकावा? खरं तर फोटो काढणाऱ्याच्याच हाती जावा असं मनापासून वाटतं. पुण्या-मुंबईत अशी जुनी शटरं साफ करणारं भरवशाचं कोणी माहीत आहे का?