सिब्लिंग किती? सात, सहा की एक?

मंडळी, नमस्कार.

परवा दवाखान्यात घराण्यातल्या आजारांचा फॉर्म भरला. 'सिब्लिंग्ज किती' इथे सात लिहिलं, 'पैकी मधुमेह' इथे तीन. नर्सबाईंनी दोनदा विचारलं. म्हटलं, आम्ही सात भावंडं, हिशेब पक्का आहे. मग त्यांनी विचारलं, "सगळ्यांचे आईवडील तेच ना?" आणि माझी विकेट गेली. सख्खा भाऊ एकच. बाकीचे पाच चुलत आणि मावस, पण वाढलो एकत्र. 'चुलत' हा शब्द आमच्यात भांडणातसुद्धा कुणी काढला नाही. तर सिब्लिंग म्हणजे नक्की कोण? आणि लेक म्हणते, याला मराठीत शब्दच नाही. खरं का?

———

रि: सिब्लिंग किती?

> याला मराठीत शब्दच नाही

ताई, शब्द आहे आणि तुम्ही तो वर वापरलाय: भावंड. नपुंसकलिंगी, त्यामुळे भाऊ की बहीण हे उघड करत नाही. 'तुला आता भावंड येणार' हे बाळ जन्मायच्या आधी सांगता येतं ते म्हणूनच. फरक एवढाच की भावंडाची ओसरी मोठी. चुलत, मावस, आते, मामे सगळे तिथे बसतात. सिब्लिंगमध्ये फक्त सख्खे. फॉर्मवर 'सिब्लिंग' दिसलं की मनात 'सख्खी भावंडं' वाचायचं.

दुसरी मेख तुमच्या आकड्यात आहे. 'आम्ही सात भावंडं' म्हणताना आपण स्वतःलाही मोजतो. इंग्रजीत 'तुला सिब्लिंग्ज किती' असं विचारतात तेव्हा स्वतःला वगळायचं. म्हणजे सगळे सख्खे असते तरी तुमचं उत्तर सहाच होतं.

आता थोडं विषयांतर, माझी खोड तुम्हाला ठाऊकच आहे. सिब्लिंग हा शब्द दिसतो तितका सरळ नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता 'नातेवाईक' होता, कुठलाही. मग तो वापरातून गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०३ च्या सुमारास, आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्यांना भाऊ आणि बहीण दोघांना मिळून एक शब्द हवा होता. तेव्हा हा जुना शब्द झटकून, त्याचा अर्थ आखूड करून पुन्हा वापरात आणला. आजही त्याला फॉर्मचा वास येतो तो त्यामुळे असावा. इंग्रज माणूस गप्पांत 'माय ब्रदर' म्हणेल, 'माय सिब्लिंग' क्वचित. आपणही 'मला एक भावंड आहे' म्हणत नाही, 'बहीण आहे' म्हणतो. एकवचनात दोन्ही शब्द अवघडतात.

आणि याच 'सिब'चं दुसरं अपत्य म्हणजे गॉसिप. मूळ शब्द 'गॉडसिब', बाप्तिस्म्याच्या वेळचे मानलेले आईबाप. त्यावरून जवळचे मित्र, मग बाळंतिणीपाशी जमणाऱ्या बायका, आणि शेवटी त्या जमून जे करतात असा लोकांचा समज होता, ते.

———

रि: रि: सिब्लिंग किती?

काका, गॉसिपचं सगळं खापर बायकांवर फोडलंत, त्याचा हिशेब पुढच्या भेटीत. आत्ता दोन पेशंटच्या मधे घाईत लिहिते आहे.

ताई, फॉर्म दुरुस्त कराच, आळस करू नका. सख्ख्या भावंडांत सरासरी ५० टक्के जनुकं सामायिक असतात, आई किंवा वडील यांपैकी एकच सामायिक असेल तर २५ टक्के, आणि चुलत-मावस-आते-मामे यांच्यात साडेबारा. तीन 'सिब्लिंग्ज'ना मधुमेह असं वाचलं की डॉक्टर तुमचा धोका बराच जास्त धरणार. मावसभावांची माहितीही द्या, पण वेगळ्या ओळीत, नातं लिहून.

'सावत्र' या शब्दाचीही काळजी घ्या, तिथे मराठी ढिली आहे. वडील एक आणि आई वेगळी, तोही सावत्र; आणि आईनं दुसरं लग्न केलं, त्या नवऱ्याचा आधीचा मुलगा, तोही सावत्रच. इंग्रजीत पहिला 'हाफ', दुसरा 'स्टेप'. स्टेपशी रक्ताचं नातं शून्य. अस्थिमज्जा द्यायची वेळ आली तर हे कळीचं ठरतं: सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तिथे एकत्र वाढलेलं असण्याचा काही उपयोग होत नाही.

———

रि: रि: रि: सिब्लिंग किती?

माझी एक भर. ऑफिसात मी 'कझिन ब्रदर' म्हटलं तर सगळे थबकले. नंतर 'रिअल ब्रदर' म्हटलं तेव्हा हसलेच: बाकीचे खोटे का? त्यांच्या ब्रदरमध्ये सख्खा आधीच आलेला असतो.

आपली चार नाती त्यांनी एका कझिनमध्ये कोंबली, तीही भाऊ की बहीण हे न सांगता. गंमत म्हणजे त्या शब्दाचं लॅटिन मूळ मावसभावंडापुरतंच होतं. 'फर्स्ट कझिन'मधला 'फर्स्ट' म्हणजे थोरला नव्हे. आजीआजोबा एक, एवढंच. 'कझिन वन्स रिमूव्हड'मधलं 'वन्स रिमूव्हड' म्हणजे एक पिढी इकडे किंवा तिकडे, त्यामुळे चुलतभावाचा मुलगा आणि वडिलांचा चुलतभाऊ दोघंही तेच. एक पुतण्या, एक काका, नाव एक! यापेक्षा आपला गोंधळ बरा.

———

रि: रि: रि: रि: सिब्लिंग किती?

सगळ्यांचे आभार. फॉर्म बदलला. सिब्लिंग: एक, मधुमेह: नाही. बाकीचे खालच्या ओळीत, नात्यासकट. डॉक्टरताई, तिथे 'मावस'साठी 'मॅटर्नल कझिन' लिहिलं. त्यात मामेही येतात हे नंतर लक्षात आलं. चालेल ना?

लेकीनं भावंड हा शब्द मान्य केला, पण मैत्रिणींशी बोलताना सिब्लिंगच म्हणणार म्हणे. म्हणू दे.

रात्री दादाला फोन करून सगळी हकिगत सांगितली. म्हणाला, "मग मी कोण?" म्हटलं, "फर्स्ट कझिन." त्यानं फोन वहिनीकडे दिला.