मदत हवी आहे : डिस्कवर्ल्डची ४१ पुस्तकं, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

टेरी प्रॅचेट या इंग्लिश लेखकाची 'डिस्कवर्ल्ड' ही विनोदी अद्भुत मालिका इथे कुणी वाचली आहे का? एकूण ४१ कादंबऱ्या. पहिली १९८३ची, शेवटची लेखक गेल्यावर २०१५ साली आली. कुठल्या पुस्तकाला हात घालावा ते ठरत नाहीये आणि वेळ मोजका आहे. कारण सांगतो.

माझी बहीण ब्रिस्टलला असते. भाचा चौदा वर्षांचा. लहान असताना फोनवर गोष्ट सांग म्हणून माझ्यामागे लागायचा. आता 'कसा आहेस', 'अभ्यास काय म्हणतोय' यापुढे आमची गाडी जात नाही. मराठी सगळं समजतं, बोलताना अडतो. गेल्या महिन्यात, २५ मे रोजी, व्हिडिओ कॉलवर त्याच्या शर्टाला जांभळ्या फुलांचा तुरा टाचलेला दिसला. काय रे हे, विचारलं. म्हणाला, "लायलॅक आहे, मामा. तू 'नाइट वॉच' वाच, मग कळेल." आणि पुढची पंधरा मिनिटं तो या पुस्तकांबद्दल बोलत राहिला, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. इतकं तो माझ्याशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता. डिसेंबरात सगळे इकडे येणार आहेत. तोवर मला त्याच्याशी यावर बोलता आलं पाहिजे.

'नाइट वॉच' मागवलं. वीसेक पानांत लक्षात आलं की यातली माणसं मला आधीपासून माहीत असायला हवीत, कारण लेखक कुणाचीच ओळख करून देत नाही. मग क्रमांक एक, 'द कलर ऑफ मॅजिक' घेतलं. सपाट जग, ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका प्रचंड कासवावर आणि कासव अवकाशात पोहत चाललेलं. इथे मी एकदम रमलो. आपले दिग्गज आठ, यांचे चार, पण कासव ओळखीचं. पुढे मात्र तिसऱ्या भागात ड्रॅगनवाले आले आणि मी थांबलो ते थांबलोच. विनोद चाललाय हे जाणवतं, तो कशावर चाललाय ते लागत नाही.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी वाचतो, पण सावकाश. वाचन होतं ते बदलापूरला जाता-येता लोकलमध्ये, बसायला मिळालं तर. दोष माझ्या इंग्रजीचा आहे, की मी चुकीच्या दारातून शिरलोय? आणि लायलॅकपर्यंत पोचायचा रस्ता कोणता? फुलाचं गुपित कृपया फोडू नका.

निळी शाई

दोष इंग्रजीचा नाही, ही पहिली गोष्ट. 'झेंडूची फुलं' आठवा. रविकिरण मंडळाच्या कविता ज्याने वाचलेल्याच नाहीत त्याला अत्र्यांची विडंबनं दाखवली तर तो शब्द वाचेल, हसणार नाही. मालिकेची पहिली दोन पुस्तकं तशी आहेत. तलवारबहाद्दर, जादूगार, ड्रॅगनवर स्वार होणारे राजपुत्र अशा कादंबऱ्यांचं इंग्रजीत मोठं पीक आलं होतं, त्यांची ती टवाळी आहे. तुम्ही जिथे अडकलात तो ड्रॅगनचा भाग तर पूर्ण त्यावरच. मूळ माल वाचलेला नसेल तर अर्धे टोले डोक्यावरून जाणारच. शिवाय पहिलं पुस्तक ऐन कड्यावर संपतं आणि गोष्ट दुसऱ्यात, १९८६च्या 'द लाइट फँटॅस्टिक'मध्ये पुरी होते.

पुढे लेखक हळूहळू पुस्तकांवरचा विनोद मागे ठेवून माणसांवर येतो. पोलीस, पोस्ट, वर्तमानपत्र, बँक, देव, युद्ध. हे समजायला ड्रॅगन वाचावे लागत नाहीत.

घाटमाथा

माझं मत 'मॉर्ट'ला. १९८७चं, मालिकेतलं चौथं. आटोपशीर आहे. कुणीच कामावर घेत नाही अशा एका पोराला साक्षात मृत्यू उमेदवारीला ठेवतो आणि आपल्या घरी नेतो. नचिकेताची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला हे दार फार जवळचं वाटतं. हा मृत्यू रेड्यावर बसत नाही, पांढऱ्या घोड्यावर येतो, घोड्याचं नाव बिंकी. त्याला मांजरं आवडतात. माणसं अशी का वागतात याचं त्याला खरंखुरं कुतूहल आहे. तो बोलतो ते सगळं छोट्या कॅपिटल अक्षरांत छापलेलं असतं, अवतरणचिन्हंही नसतात, त्यामुळे पानावर तो आला की लगेच कळतं. आपल्या भाषेत मृत्यू पुल्लिंगीच असल्यामुळे मनातल्या मनात मराठी करत वाचलं तरी तो बिघडत नाही. जिथे हा शब्द स्त्रीलिंगी आहे तिथे अनुवादकांची पंचाईत होत असणार.

पानगळ

'मॉर्ट' सुंदरच आहे, पण धागाकर्त्याला जायचंय कुठे ते बघा. त्यांना 'नाइट वॉच' गाठायचंय.

दादा, ही मालिका म्हणजे एकच लांब दोर नाही, पाचसहा धागे एकात एक विणलेले आहेत. जादूगारांचा एक, चेटकिणींचा एक, मृत्यूचा एक. तुमच्या भाच्याचा धागा आहे आंख-मॉरपॉर्क शहराच्या पहारेकऱ्यांचा. तो असा वाचा : 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९), 'मेन अ‍ॅट आर्म्स' (१९९३), 'फीट ऑफ क्ले' (१९९६), 'जिंगो' (१९९७), 'द फिफ्थ एलिफंट' (१९९९) आणि मग 'नाइट वॉच' (२००२). सहा पुस्तकं. आत्ता जून आहे. महिन्याला एक धरलं तरी डिसेंबरच्या आत होतात.

घाईने थेट शेवटचं वाचू नका हे कळकळीने सांगते. सॅम व्हाइम्स हा पहाऱ्याचा कप्तान पहिल्या पुस्तकात अक्षरशः गटारात पडलेला भेटतो, दारू पिऊन. तिथून तो माणूस कुठे पोचतो हे पाच पुस्तकं बघितल्यावर सहावं जे करतं ते सुटं वाचून होत नाही. मी ते पहाटे तीनला संपवलं आणि तशीच बसून राहिले.

दुसऱ्या पुस्तकात बुटांचं गणित येतं, तेवढं सांगते, त्याने रसभंग होत नाही. व्हाइम्सचा पगार महिना ३८ डॉलर. चांगले चामड्याचे बूट ५० डॉलरला, ते वर्षानुवर्षं टिकतात. त्याला परवडतात १० डॉलरचे, एकदोन हंगामांत तळ झिजून जातो. म्हणजे गरीब माणूस तेवढ्याच काळात बुटांवर १०० डॉलर घालवतो आणि पाय ओलेच राहतात. त्या झिजलेल्या तळातून पायाखालचे दगड कळतात, म्हणून अंधारातही तो कुठल्या गल्लीत आहे हे व्हाइम्स सांगू शकतो. दर जूनला शाळेच्या स्वस्त चपला घेणाऱ्या घरात मी वाढले. हे पान मला समजावून सांगावं लागलं नाही.

तिठा

मी प्रकाशनाच्या क्रमानेच वाचली आणि पुन्हा तशीच वाचेन. लेखक कसा वाढत गेला ते त्यातच दिसतं. पण मी तेव्हा कॉलेजात होतो, सुट्टी होती आणि डिसेंबरची मुदत नव्हती. तुमच्यासाठी पानगळ यांचा रस्ता योग्य. एकच पथ्य : 'द शेपर्ड्स क्राउन' हे शेवटचं पुस्तक मधेच उचलू नका. ते टिफनी या छोट्या चेटकिणीच्या धाग्याचं टोक आहे. तो धागा 'द वी फ्री मेन'पासून (२००३) सुरू होतो आणि भाच्याच्या वयाच्या मुलांसाठीच लिहिलेला आहे. त्याने तोही वाचलेला असणार, विचारून बघा.

सदाफुली

वाचायच्या पद्धतीबद्दल थोडं. बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत. मजकुरात मधे मोकळी जागा सुटते, तोच थांबा समजायचा. तळटिपा गाळू नका, चांगले विनोद तिथे दडलेले असतात. अडलेला शब्द मोठ्याने उच्चारून बघा. तुम्ही वाचलेल्या पहिल्याच पुस्तकात तो परदेशी पर्यटक एक शब्द वापरतो, अर्थ साधारण 'जमिनीखालच्या भुतांचा प्रतिध्वनी' असा. प्रतिध्वनी म्हणजे एको. जमिनीखाली राहणारा बुटका म्हणजे नोम. आता जोडून म्हणा : एको-नॉमिक्स! डोळ्यांनी वाचताना मी यावरून दोनदा पुढे गेले होते. लोकलमध्ये उभं राहावं लागत असेल तर श्राव्य पुस्तकंही आहेत. नव्या ध्वनिमुद्रणांत तळटिपा बिल नाय हा अभिनेता वाचतो, त्यामुळे तळटीप आली की आवाज बदलतो.

फुलाबद्दल, गुपित न फोडता : कथेतलं कारण तुम्हाला भेटेलच. बाहेरचं एक आहे. २००७च्या डिसेंबरात प्रॅचेटनी आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झाल्याचं जाहीर केलं. १२ मार्च २०१५ला ते गेले, ६६व्या वर्षी. २५ मे हा दिवस त्यांचे वाचक त्या आजाराच्या जागृतीसाठीही पाळतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण 'गार्ड्स! गार्ड्स!' संपवल्याशिवाय इथे यायचं नाही असं ठरवलं होतं.

अर्पणपत्रिकेवरच मी थांबलो. राजवाड्याचे जे शिपाई कुठल्याही साहसकथेत साधारण तिसऱ्या प्रकरणात धावत आत येतात, नायकावर एकेक करून तुटून पडतात आणि मरतात, त्या सगळ्यांना हे पुस्तक अर्पण केलंय. त्यांना हे करायचं होतं का, असं कुणी कधी विचारलंच नाही, असं लेखक म्हणतो. निळी शाई, तुम्ही म्हणालात ते इथे लख्ख कळलं. ही टवाळी समजायला मला एकही ड्रॅगन लागला नाही, लहानपणापासून बघितलेले पडद्यावरचे हवालदार पुरले.

कॅरट मला फार आवडला. बुटक्यांनी वाढवलेला सहा फुटांच्या वरचा पोरगा, शहराचे सगळे कायदे पाठ करून नोकरीवर येतो आणि आल्या आल्या चोरांच्या संघटनेच्या अध्यक्षालाच चोरीबद्दल अटक करतो. या शहरात चोरीचा परवाना मिळतो हे त्याच्या गावीच नसतं! घरी आईवडिलांना तो पत्रं लिहितो, ती मी रविवारी बायकोला मराठी करून वाचून दाखवली. मग छपरावरचा प्रसंग. दशलक्षात एक शक्यता असेल तर काम हमखास होतं, असा त्या पहारेकऱ्यांचा विश्वास. पण नेम तर त्याहून सोपा वाटतोय. म्हणून ती बरोबर दशलक्षात एक व्हावी यासाठी बाण मारणाऱ्याला ते मुद्दाम आणखी अडचणीत उभा करतात. वांगणी गेल्यावर भानावर आलो, बदलापूर मागे पडलं होतं.

त्याच रात्री भाच्याला फोन केला. 'बघू सांग, काय काय झालं' म्हणून त्याने माझी तोंडी परीक्षाच घेतली. कोण आवडलं? म्हटलं, कॅरट. तर म्हणाला, "थांब मामा, तुझं मत बदलणार." चाळीस मिनिटं बोललो. शेवटी बहिणीने फोन काढून घेतला, तिकडे जेवण थंड होत होतं.

'मेन अ‍ॅट आर्म्स' काल हातात पडलं. बुटांचं पान कितवं ते सांगू नका, माझं मीच शोधतो.