मदत हवी आहे: अपिलात दुखण्याचे फॉर्म आणि वही पुरावा म्हणून द्यायची का?

नमस्कार मंडळी. कामावर खोकं उचलताना नवऱ्याच्या कंबरेत उसण भरली, त्याला आता चौदा महिने झाले. आधी नुकसानभरपाई मंजूर झाली होती पण मग विमा कंपनीने आपल्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं आणि त्यांनी लिहून दिलं की एमआरआयमध्ये वयामुळे होणारी झीज आहे, बाकी दुखणं म्हणजे पेशंट सांगतोय तेवढंच, शिवाय वॉडेलच्या (कंबरदुखीला शारीरिक कारणाखेरीज दुसरं काही आहे का, हे बघायच्या तपासणीतल्या) पाचपैकी तीन खुणा पॉझिटिव्ह आहेत. झालं, पैसे बंद. आता अपील करायचंय.

आमच्याकडे फिजिओने दर महिन्याला भरून घेतलेले ओस्वेस्ट्रीचे फॉर्म (कंबरदुखीमुळे रोजच्या कामांत किती अडचण येते ते मोजणारी प्रश्नावली) आहेत, शेवटचा स्कोअर ४४ टक्के. आणि नवऱ्याची वही आहे, रोज रात्री ० ते १० पैकी आकडा लिहितो. गोची अशी की वहीत जवळजवळ रोज ९ च आहे आणि त्यातल्याच एका दिवशी फिजिओच्या नोंदीत ‘आरामात चालत आले’ असं लिहिलंय. मी म्हणतेय वही देऊच नये, नवरा म्हणतो दोनचार ठिकाणी ९ चे ६ करू. काय करावं? वकील अजून केलेला नाही.

उत्तर:
ताई, खाडाखोड अजिबात नको, एकदा ते दिसलं की खरे कागदही खोटे ठरतात. नुसत्या ९ आकड्याला तसंही फार वजन नसतं हो, कारण त्यातून माणूस काय करू शकत नाही ते कळत नाही. ओस्वेस्ट्रीचं तसं नाही, त्यात बसणं, उभं राहणं, उचलणं, झोप असे दहा भाग असतात आणि ४१ ते ६० टक्के म्हणजे तीव्र अडचण. सगळे महिने ओळीने द्या, सोयीचे तेवढेच निवडून नको. मात्र फॉर्म पेशंटनेच भरलेला असतो हे समोरचा म्हणणारच, म्हणून तुमच्या डॉक्टरांकडून पत्र घ्या: तपासणीत काय दिसलं, किती मिनिटं बसता येतं, किती वजन उचलता येतं, आणि हे त्या दुखापतीमुळेच आहे असं त्यांना का वाटतं. झीज तर दुखत नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही सर्रास दिसते, तेव्हा तिच्यावरून दुखणं खरं की खोटं ठरत नाही, हेही त्यात येऊ द्या.

वॉडेलचं म्हणाल तर त्या खुणा १९८० च्या आहेत आणि १९९८ मध्ये खुद्द वॉडेल आणि मेन यांनीच लिहिलंय की त्यावरून माणूस सोंग करतोय असं म्हणता येत नाही. हे डॉक्टरांना पत्रात घ्यायला सांगा, तुम्ही म्हणून उपयोग नाही.

आणि त्या ‘आरामात’ वाल्या दिवशी आधी गोळी घेतली होती का बघा. सगळ्यात आधी मुदत बघा, काही ठिकाणी अपिलात नवीन कागद घेतच नाहीत, त्यासाठी तरी वकील गाठाच.

धागाकर्ती:
खूप आभार. वही परत काढली, गोळीच्या वेळा समासात लिहिल्यात त्याने, मी कधी बघितल्याच नव्हत्या. त्या दिवशी साडेनऊला गोळी, दहाला फिजिओ, आणि ९ आकडा रात्री अकराचा. वही जशीच्या तशी देतोय. मुदतीला ११ दिवस आहेत, उद्याच डॉक्टरांकडे जाते.